आत्यांचं नाव

परंडा,
रविवार

प्रिय शिवांजली,

फोन सोडून हे पत्र कुठून काढलं, असं म्हणशील. फोनवर तू रडतेस, मग मी रडते, आणि सांगायचं ते राहूनच जातं. शिवाय आपल्या घरात फोनवर बोलायचं म्हणजे तुझ्या आईच्या खाटेशेजारी बसूनच बोलायचं, आणि हे आत्यांच्या कानावर जायला नको. कॉलेजातली मैत्रीण भावाला करून दिलीस, नणंद झालीस, तरी मला कधी अहोजाहो करायला लावलं नाहीस. तेव्हा आज वहिनीचं नाही, मैत्रिणीचं ऐक.

मी अजून शीतकरण केंद्रात दुधाची फॅटच तपासतेय. आमच्या कंपनीच्या विम्यात यंदा टेस्ट ट्यूब बेबीचा खर्चही धरलाय. पुण्याच्या ऑफिसातून तसा इंग्रजी मेल आला. बाकीच्यांनी उघडलासुद्धा नाही, मी मात्र पाठ होईपर्यंत वाचला. पण विचारायचं कुणाला? आमचे रणधीर साहेब माणूस भला, पण त्यांच्या पोटात काही राहत नाही. त्यांना विचारलं असतं तर दूध घालायला येणाऱ्या प्रत्येक गावाला माझ्या गर्भाशयाची खबर लागली असती. म्हणून दुधाच्या टाकीमागं, कॉम्प्रेसरच्या आवाजात उभी राहून पुण्याला फोन लावला. तिथली मुलगी गोड बोलली. खर्च मिळतो म्हणाली, फक्त नवराबायको दोघांचीही नावं विम्यात हवीत. आणि इंद्रजितचं नाव विम्यात नाहीच.

नोकरी लागली तेव्हाचं तुला ठाऊक आहे. नियम असा की एकतर नवरा आणि मुलं लावा, नाहीतर सासू-सासरे. घरात कुणी विचारही केला नव्हता. सुनेला नोकरी लागली की नावं सासू-सासऱ्यांचीच लागतात, तशी लागली. मामा, तुझे वडील, तेव्हा होते. सुनेनं आमचा विमा काढला म्हणून ते गल्लीभर सांगत फिरले होते. इंद्रजितला तेव्हा काय धाड भरली होती, की त्याचं नाव घालायचं कुणाला सुचावं! तूही तिकडं तेच केलंस, स्वतःचे सासू-सासरे लावलेस. कुणाला नाव ठेवणार? पण त्यात माझी आई जळकोटला तशीच राहिली, आणि तुझी आई तुझ्याकडं नाही, माझ्याकडं आहे.

नावं बदलता येतात, पण वर्षातून एकदाच, याच दिवसांत. इंद्रजितचं घालायचं तर आत्यांचं काढायचं. गाठ काढल्यापासून त्यांना सोलापूरला जे इंजेक्शन देतात, ते सरकारी योजनेत बसत नाही, आमच्या विम्यातच बसतं. तिथले डॉक्टर म्हणतात, अजून वर्षभर खंड पडू देऊ नका. माझ्या डॉक्टरीणबाई म्हणतात, तुमचं वय बघता वर्षभर थांबलात तर मी काही सांगू शकणार नाही. इंद्रजितला हे सांगितलं तर तो ताटावरून उठला, हात धुतला आणि दुकानाची किल्ली घेऊन निघून गेला. मला राग आला. नंतर वाटलं, एकीकडं आई असताना तो तरी तोंडानं काय सांगणार.

आणि आई कशी, हे मी तुला सांगायला नको. मागं कोंडाबाईच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. मला वाढायला बोलावलं होतं, ओटीला कुणी पुढं ये म्हणेना. मीही आपली शहाणी होऊन मागं भाताचं पातेलं धरून उभी. आत्यांनी भरल्या घरात माझं मनगट धरून मला पुढं ओढलं आणि म्हणाल्या, "माज्या सुनंनं भरल्याबिगर म्या वटी भरणार न्हाय." बायकांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. मला त्या दिवशी हसूही आलं आणि रडूही.

विम्याचं मी इंद्रजितला हळूच सांगितलं होतं, पण आत्यांचे कान अजून शाबूत आहेत. गेल्या आठवड्यात मी दूध तपासत होते, तर रिक्षातून आत्या उतरल्या. केस गेलेल्या डोक्यावर पदर घट्ट ओढलेला. थेट साहेबांपुढं जाऊन म्हणाल्या, "सायेब, माजं नाव खोडा. म्या लई जगले. माज्या लेकाचं नाव घाला, त्येंच्या घरात पाळणा हलू द्या." दूधवाले कॅन हातात धरून बघत राहिले. जी गोष्ट मी टाकीमागं लपून बोलले होते ती अशी चव्हाट्यावर आली, आणि मला लाज वाटलीच नाही. नुसतं रडू आलं.

घरी येऊन त्यांनी अन्न सोडलं. नाव खोडल्याशिवाय घास घेणार नाही म्हणाल्या. शेवटी मी सांगितलं, खोडलं. तेव्हा जेवल्या. येडाईला नवसही बोलून झाला. पण आता म्हणतात, "नाव न्हाय तर सुई बी न्हाय. तुमच्या संसारातलं मला काय बी नगं."

शिवा, नाव मी खोडलेलं नाही. मुदत काल संपली, विम्यात आत्याच आहेत. इंद्रजितला माहीत आहे, तो माझ्याशी नजर मिळवत नाही. मी फार मोठी आहे असं समजू नकोस. मला मूल हवं होतं, अजूनही हवंय, आणि काल दिवसभर मला तुझ्या आईचा, तुझाही राग येत होता. पण पुढच्या आठवड्यात त्यांचं इंजेक्शन आहे आणि त्या गाडीत बसायला तयार नाहीत. म्हणून हे पत्र. मिळाल्याबरोबर त्यांना फोन कर आणि सांग, तुझ्या कंपनीनं आईचंही नाव घेतलंय, खर्च आता तिकडून होतोय. लेकीनं केलं म्हटल्यावर त्या ऐकतील. दवाखान्यात कागद मीच दाखवते, त्या काही वाचत नाहीत. आणि सुनेचं काही कळलं का म्हणून विचारलं, तर म्हण, उपचार चालू आहेत, वेळ लागतो. मीही तेच सांगणार आहे, त्या आहेत तोवर.

तुझीच,
ज्ञानेश्वरी