सुनावणीआधी तोंड उघडायला हवं

४ मार्च
पडले. वकीलबाईंच्या जिन्यावर, अगदी शेवटच्या पायरीला. हनुवटी थेट फरशीवर. टाके हनुवटीला आणि ठणका कानात! डॉक्टरांनी फोटो दाखवला. हनुवटीवरचा मार हाडातून वर चढतो, म्हणाले, आणि कानापुढे जबड्याचा सांधा असतो तिथे मोडतो. माझा डावा मोडलाय. तोंड मिटलं की दातांवर दात बसत नाहीत.

५ मार्च
डॉक्टर म्हणतात, वरचे-खालचे दात तारेने बांधून टाकू. काही आठवड्यांनी हाड जुळेल, मग तोंड उघडायला हळूहळू शिकायचं. आणि सुनावणी ह्याच महिन्यात!
भावोजी लगेच तयार. "वहिनी, घ्या बांधून. जबानी लिहूनही देता येते." जाऊबाई म्हणाल्या, तेवढीच घराला शांतता. त्यांना उत्तर होतं, पण जबडा हलेना.
लिहून देता येते, ठाऊक आहे. पण समोरचा वकील उलट प्रश्न विचारणार, आणि कागद उलटून बोलत नाही.

६ मार्च
काय सांगायचंय ते लिहून ठेवते, म्हणजे डोकं ठिकाणावर राहील. गोदामवाले म्हणतात, ह्यांनी मालाची लिफ्ट नको इतकी भरली म्हणून कोसळली. चूक मरणाऱ्याची! बरं आहे — मेलेला माणूस भांडायला येत नाही. आदल्या संध्याकाळी चपला काढताना हे म्हणाले होते, "लिफ्टचा ब्रेक धरत नाहीये. सांगितलंय मी." फोरमनलाच सांगितलं असणार, दुसऱ्या कुणाला? फोरमन कानावर हात ठेवतो. ऐकणारी मी एकटी.
भावोजी त्याच गोदामात फिटर. त्यांना विचारलं की एकच — दादा गेला, आता उकरून काय मिळणार?
ह्यांचं नाव मिळणार. धुतलेलं.

९ मार्च
वाचनालयातून दातांच्या डॉक्टरकीचं जाडजूड पुस्तक आणलं. शाळा चौथीत सुटली, वाचायची खोड काही सुटली नाही. निम्मं डोक्यावरून गेलं. पण एक चित्र कळलं — तोंडाच्या आतून लहानशी चीर, तिच्यातून बारीक कॅमेरा, आणि पडद्यावर बघत हाड जागेवर आणून पट्टी बसवायची. दात बांधून ठेवायचे नाहीत.
पुस्तक बगलेत मारून गेले. डॉक्टर म्हणाले, मग ऑपरेशनही तुम्हीच करा की! कागदावर लिहून दिलं: करते, तुम्ही आरसा धरा. हसले. मग खुर्ची ओढून नीट बोलले. बाहेरून, कानापुढून कापलं तर चेहऱ्याच्या नसेला धोका, म्हणून तारा सुचवल्या. कॅमेऱ्याने सगळ्यांचं जमत नाही. माझी मोड सांध्याच्या जरा खाली आहे, जमेल. मोठ्या रुग्णालयातल्या एक सर्जनबाई करतात. चिठ्ठी दिली.

१० मार्च
भावोजी भडकले. कधी आवाज न चढवणारा माणूस! हट्टापायी तोंड वाकडं करून घ्याल, म्हणाले. सही कोण करणार?
माझी मी.

१३ मार्च
झालं. गाल फुगून भोपळा. पण दातांवर दात बसले! बसतात की नाही हे शंभरदा बघितलं. दातांना रबरं अडकवलीत, जबडा भरकटू नये म्हणून. सगळं पातळ खायचं.

१७ मार्च
सर्जनबाईंनी आरशावर उभी रेघ काढायला सांगितलीय. तोंड उघडताना हनुवटी रेघेवरून ढळता कामा नये. माझी डावीकडे पळते. पुन्हा. पुन्हा. आरसा ह्यांचा, दाढीचा. असते तर म्हणाले असते, मगर झालीस का गं?
त्यानंतर आज काही तोंड उघडलं नाही.

१८ मार्च
उघडलं. गोदामवाल्यांना काय, माझं रडणं सोयीचंच आहे.

२२ मार्च
दोन बोटं मावली! बोलणं बोबडं येत नाही. 'ब्रेक' स्वच्छ म्हणता येतं. भिंतीला ऐकवलं.

२४ मार्च
वकीलबाईंनी तासभर घोकवून घेतलं. परतले तर भावोजी दारात. आत या म्हटलं तरी येईनात. उद्या मीही येतो, एवढंच म्हणाले. या म्हटलं. शेवटी रक्ताचं माणूस. तारा बांधा म्हणत होते तेही काळजीनेच असणार. मीच उगाच फटकून वागले.

२५ मार्च
बोलले. जबडा दुखला, पण एक शब्द गिळला नाही. समोरच्या वकिलाने विचारलं, सांगितलंय म्हणाले ना, मग कोणाला सांगितलं?
मी 'फोरमनला' म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून भावोजी उठले.
"मला सांगितलं होतं. उद्याचा दिवस तेवढा चालवून घे, असं मीच म्हणालो दादाला."