सदतीस गाणे गिळणारा हुकूम

घाटंजी, २६ मार्च २०१२

चि. धम्मरत्न,

तू पुण्यात बसून कागदावर हुकूम लिहून पाठवतं अन् इथं माहं नाक कापल्या जाते, याले काय म्हणावं? जयभीम. तब्येत बरी असन. सूनबाईचा गुडघा कसा हाय? (एरंडाचा पाला बांध म्हणा, गोळ्या खाऊ नको.) आता मुकाट्यानं वाच.

जयंतीसाठी आमच्या महिला मंडळानं महिनाभर गळे फाडून विहाराच्या जुन्या कम्प्युटरात सदतीस गाणे भरले. त्याचा पंखा म्हशीवानी हंबरते, म्हणून नवा आणला. अध्यक्ष मी, तर मीच छाती ठोकून म्हणलं, माह्या भाच्याचा हुकूम लिहिला का गाणे वायरीतून धावत जातात. दोन्ही कम्प्युटर घरी आणले. घरात छताले टेकलेला कापूस (भाव येईन म्हणून आमच्या ह्यांनी ठेवला, भाव काही आला नाही), तर दोन्ही पलंगावर मांडले अन् मंडळ कापसावर बसलं.

काळा पडदा उघडला. आमची उर्वशी अक्षरं दाबत होती, मी सांगत होती. ते म्हणे, "आई, दादानं लिवलं, आधी भरलेल्याचं नाव, मंग रिकाम्याचं." मी म्हणलं, गप बस, मले चौथीत पत्र लिहाले शिकवलं. ज्याच्याकडं जायाचं त्याचं नाव आधी, धाडणाऱ्याचं खाली कोपऱ्यात! तसंच लिहिलं. अन् तू मेल्यानं हुकुमात घालून ठेवलं, का तिकडं जास्तीचं दिसन ते पुसून टाक. झालं! रिकाम्यानं भरल्याले आपल्यासारखं करून टाकलं. चहा उकळाच्या आत दोन्ही पेट्या सफाचट. मानीबाई कापसातून उठून म्हणते, "अध्यक्षबाई, आता मुक्यानंच जयंती करू का वो?" बाकीच्या फिदीफिदी हासल्या. चौदा तारीख तोंडावर हाय अन् मंडळ नवा अध्यक्ष पाहून राह्यलं.

तुही आत्या,
प्रभावती

ता.क. गाणे परत आणाची खटपट करू नको. आमच्या ह्यांनी आयकाले म्हणून मोबाइलमंदी भरून घेतलेले, सदतीसच्या सदतीस निंगाले. अजून कोणाले सांगतलं नाही.

ता.क. दुसरं. सांगणारही नाही. त्यात मानीबाईचा आवाज माह्यावर चढते. नव्यानं भरू तवा मी पुढं बसन, मानीबाई दरवाज्यापाशी.

ता.क. तिसरं, खरं काम हेच. रविवारी, ८ तारखेले, मंडळाची बैठक हाय. त्याच्या आत तुहं पत्र पाह्यजे. मोठ्या अक्षरात लिही, मानीबाईलेच वाचाले लावतो: "आत्यानं बराबर केलं, चूक माही."