कच्चा टाका

४ मार्च

ती. अक्कास,
बटण्याचा साष्टांग नमस्कार, कंबर वाकते तितकाच. वि. वि.

तुला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि आतड्यांबद्दल ओरडून बोलायचं मला जमत नाही. समोरचा घड्याळजी कान टवकारूनच असतो. म्हणून पत्र.

तुझी भावजय घरी येऊन तीन आठवडे झाले. मोठ्या आतड्याचा खराब तुकडा सर्जननी काढला. आतली जोड भरून येईपर्यंत पोटावर एक वाट काढून दिली आहे, सगळं तिथून पिशवीत येतं. तीन महिन्यांनी दुसरं, लहान ऑपरेशन करून आतडं परत आत घालणार. पण एक अट आहे. वजन बावन्न किलोच्या खाली जाता कामा नये. अशक्त माणसाला पुन्हा टेबलावर घेणार नाही म्हणाले.

पहिल्यांदा पिशवी बदलायची वेळ आली तेव्हा मी ऐटीत बाह्या सरसावल्या आणि जमिनीवर आडवा झालो. पिशवी तिनेच बदलली आणि वर माझ्या तोंडावर पाणीही मारलं. आता सरावलोय. पिशवी पोटाला चिकटवायच्या चकतीला भोक असं कापतो की नर्सबाईंनी विचारलं, धंदा काय तुमचा. चाळीस वर्षं काजं करतोय म्हटलं. लहानपणी मी बटण गिळलं तेव्हा तू दोन दिवस काडी घेऊन माझ्या मागे फिरलीस, तसा मी आता हिच्या मागे असतो. किती आलं, पातळ की घट्ट, सगळं ऑर्डरच्या वहीत टिपतो. परवा एका वकिलाच्या पँटच्या मापापुढे ‘पातळ, हिरवट’ असं निघालं. तो चांगलाच गोंधळला.

खाण्याचं पत्रक कापायच्या टेबलासमोर भिंतीला चार टाचण्यांनी पक्कं केलंय. त्याबाहेर एक घास नाही. मध्ये तिने चोरून मूठभर मटार खाल्ले आणि संध्याकाळभर पोट धरून बसली. तेव्हापासून मी स्वयंपाकघराचा फौजदार झालोय. काळजी नसावी. लोभ असू दे, फक्त बटणाचा विषय आता पुरे.

तुझा,
बटण्या


१२ मार्च

चि. बटण्यास,
आशीर्वाद, आणि त्यातच एक टपली.

तू जमिनीवर आडवा झालास हे वाचून मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. दाताच्या डॉक्टरकडे नुसत्या खुर्चीला बघून पडलेला तू.

पण फौजदारी जरा बेतानं कर. मुलींच्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर मी तीस वर्षं सांभाळलं. मुलगी जेवत नसली की चेहऱ्यावर नंतर दिसतं, कपड्यांवर आधी. ती काय खाते, वजन किती आहे आणि तपासणीला कधी जायचं, हे मला लिहून पाठव. तुझ्या विनोदांना मी नंतर हसेन.

तुझी,
अक्का


२३ मार्च

ती. अक्कास,
टपली पोचली. नमस्कार वि. वि.

मऊ भात, उकडलेला बटाटा, टोस्ट, केळं, आणि मुबलक पाणी. दह्याने एकदा पातळ झालं म्हणून दही बंद. अंड्याने वास आला म्हणून अंडं बंद. वजनकाटा माळ्यावर टाकलाय, कारण ती दिवसातून चारदा त्यावर चढायची. त्याची गरजही नाही. तिचे झगे आजही शिवले त्या दिवशीसारखे अंगाला बसतात. सहा आठवड्यांची तपासणी थोडी पुढे ढकलली आहे, रस्त्यात खड्डे फार. बाकी क्षेम. लोभ कमी झाला असेल तर कळव.

तुझा,
बटण्या


२२ एप्रिल

ती. अक्का यांस,
नमस्कार. हे ह्यांच्या पाठीमागे लिहितेय. हे अस्तर आणायला गेलेत.

आधी सांगते, तुमच्या भावाने माझं इतकं केलंय की कुणाजवळ तक्रार करायला तोंड नाही. पिशवीला फुलाफुलांचं आवरणसुद्धा शिवलं, झग्याला जुळणारं. पिशवीला मात्र त्याची किंमत नाही. परवा घड्याळजींची बायको भेटायला आली आणि ही ऐन बोलण्यात गुरगुरली. मी त्यांच्या खुर्चीकडे रागाने पाहिलं, जणू आवाज तिचाच. त्या बिचाऱ्या उठून दुसऱ्या खुर्चीवर बसल्या.

पण अक्का, माझ्यात दम उरलेला नाही. जिना चढताना दोनदा बसते. केस विंचरताना हात भरून येतात, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. आधी वाटलं वजन घटलं असेल, पण झगे तर जसेच्या तसे बसतात. म्हणजे आळसच. लाड करून घ्यायची सवय लागली मला, दुसरं काय.

तीन महिने भरत आले, आणि मला ते ऑपरेशन हवंय. बालवाडीत माझ्या वर्गातली मुलं विचारल्याशिवाय मांडीवर येऊन बसतात. पिशवी असताना मला कुणाला मांडीवर घ्यायचा धीर होत नाही. हे मी ह्यांनाही बोलले नाहीये. तुम्हीही बोलू नका.

तुमची,
भावजय


२७ एप्रिल

चि. बटण्यास,

आज आशीर्वाद नंतर. अंधारी येते, जिना चढवत नाही, आणि कपडे जसेच्या तसे बसतात? हे शिंप्याच्या घरातच होऊ शकतं. किती आत घेतलेस?

उद्याच्या उद्या तिला दवाखान्यात ने. खड्डे असतील तर सावकाश ने. आणि उत्तरात एकही विनोद नको.

अक्का


६ मे

ती. अक्कास,
शि. सा. न., या वेळी खरोखर कपाळ टेकवून.

तीन इंच. एकदम नाही, अर्धा-अर्धा इंच करत. मार्चच्या सुरुवातीला एकदा ती आरशासमोर उभी होती. निळा झगा अंगावर लोंबत होता. आता माझं ऑपरेशन होत नाही म्हणाली आणि रडली. दुपारी ती झोपली, मी दोन्ही बाजू अर्धा इंच आत घेतल्या. दुसऱ्या दिवशी तिने तो घातला आणि तिचा चेहरा खुलला. मग मला दुसरं काही सुचेना. कात्री-सुईने जमतं तेवढंच मला जमतं. तपासणीला नेत नव्हतो ते खड्ड्यांमुळे नव्हे, तिथे काटा असतो म्हणून. मला भीती वाटत होती, अक्का. ती रडेल याची, आणि त्याहून मोठं जे असतं त्याची.

काट्यावर सत्तेचाळीस. ऑपरेशन पुढे ढकललं. आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं, सहा आठवड्यांनंतर काय काय वाढवलं. मी म्हटलं पत्रकात जे आहे तेच. त्यांनी तसंच दुसरं पत्रक काढलं, उलटं केलं आणि माझ्यासमोर धरलं. मागे मथळा होता, सहा आठवड्यांनंतर. दर तीन-चार दिवसांनी एक नवा पदार्थ, थोडासा, भरपूर चावून. अंडी, मासे, दही. नुसतं पाणी ढोसायचं नाही, मीठ-साखर घातलेलं घ्यायचं. कापड हातात आलं की आधी उलटी बाजू बघणारा मी, आणि या कागदाला भिंतीवर टाचून बसलो.

शिवणींचं मी तिला परतीच्या बसमध्ये सांगितलं. तिचं म्हणणं, ती स्वतःला आळशी म्हणत होती, ते तरी मी ऐकायला हवं होतं. घरी आल्यावर तिने चारही झगे माझ्यासमोर टाकले आणि उसवायला लावले. पण तसे ते अंगावर राहीनात. म्हणून मी पुन्हा तेवढेच आत घेतले, तिला दाखवून आणि कच्च्या टाक्याने. ती भरली की आपोआप सुटतील. वजनकाटा माळ्यावरून खाली आलाय. दर रविवारी ती त्यावर चढते, आणि आकडा मोठ्याने वाचायचं काम माझं.

आता लोभ माग म्हणालीस तरी मागवत नाही. उरला असेल तर पाठव.

तुझा,
बटण्या


२० जून

ती. अक्का यांस,
नमस्कार. हे शेजारीच बसलेत, चोरून काही नाही.

तुम्ही त्यांना पाठवलेलं पत्र त्यांनी मला वाचू दिलं नाही, पण दोन दिवस फार शहाण्यासारखे वागत होते. अंड्याने पिशवीला वास येतो, दह्याने येत नाही. मासे झेपतात. मटार अजून लांबच. मी एक घास इतका चावते की घड्याळजी मला चेष्टेने चक्कीच म्हणतात.

काल सर्जनकडे गेलो. बाहेर बाकांवर दहा-बारा माणसं होती. मी निळा झगा घातला होता. खाली पडलेली फाइल उचलायला वाकले आणि डावी बाजू काखेपासून कमरेपर्यंत टर्रकन गेली. सगळे बघायला लागले. तुम्हाला ठाऊक आहे, शिवण सुटल्याची तक्रार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाशी आयुष्यभर भांडलेला हा माणूस. उभे राहिले आणि सगळ्या बाकांना ऐकू जाईल असं म्हणाले की ही शिवण माझी आहे, मीच घातलेली आहे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वजन बावन्न आणि वर तीनशे ग्रॅम, चपला काढून. येत्या गुरुवारी ऑपरेशन आहे. तुम्ही या, मी बालवाडीत परत जाईन तोवर राहा. घरी येईपर्यंत मी ह्यांचा कोट घालून होते. सुई-दोरा होता कोटाच्या खिशातच. त्यांनी तो काढलाच नाही.

तुमची,
भावजय