आईच्या मुठीतलं मुठेल

८ डिसें. १९८६, रत्नागिरी
सगळं मुसळ केरात. सरांनी लांज्याहून आणलेला मुठेलाचा गोळा तळहातावर घेतला, तर बघता बघता पाघळला. कोकमाचं खरं तेल असं लगेच विरघळतं होय? डालडा मिसळलाय विकणाऱ्या मेल्यानं! कॉलेजात उंदीर आलेत, पिंजरे धुऊन तयार, आणि द्यायला शुद्ध मुठेल नाही. मुठेलानं पेशीतल्या गुणसूत्रांना इजा होते का, ते बघायचंय आम्हाला. डालड्याचं बघून काय करू?
सर म्हणाले, "तुमच्या हेदवीला कोणी घरी करत असेल ना हो?"
"आई करायची," एवढंच म्हटलं. कपाटातल्या डब्याचं बोलले नाही.

१४ डिसें., रविवार
हेदवी. वहिनी बाळाला मांडीवर घेऊन बसलेली. थंडीनं पोरीचे गाल फुटलेत. हनुवटी थेट आईची. आईनं हिला बघायला हवं होतं.
वहिनी : "घरातलं मुठेल संपलं गो. मे महिन्यात कोकमं झाली की मी करीन. पण बाळाला लावू ना? तुझ्या त्या उंदरांना विचारून सांग."
दोघी हसलो. मग तिनं पोरीच्या गालावरून बोट फिरवलं. "खरंच सांग हां कुंदा. तू तपासतेस म्हटल्यापासून हात धजत नाही माझा."
आम्हा दोघा भावंडांना आईनं तेच चोळून मोठं केलं. गरम भातावरही तेच.

१६ डिसें.
डबा उघडला. आईनं केलेला शेवटचा गोळा. बिया कुटून, उकळून, वर आलेलं तेल जरा निवलं की मुठीत घेऊन दाबायची. एका अंगाला चार बोटं, दुसऱ्या अंगाला अंगठा. ठसे अजून तसेच आहेत.
माझ्या टाचांची चिरेखाण झालीय, पण यातलं नखभर लावलं नाही. आई असती तर म्हणाली असती, "पूजा करणारैस काय गो त्याची?"
फार आठवण येते.

१८ डिसें.
दिला. "सर, ठसे नाहीत तिथून खरवडायचं." सरांनी गोळा उलटसुलट करून पाहिला आणि सुरी माझ्याच हातात दिली.

५ जाने. १९८७
अर्ध्या उंदरांच्या खाद्यात मुठेल, अर्ध्यांच्या शेंगदाणा तेल. आमचे मिटक्या मारत खातात. तेल कोमट केलं की प्रयोगशाळेत आई तेल काढायची त्या मागीलदारचा वास येतो. आज वास घेत उभी राहिले, तर शेगडीवरचं जवळजवळ धुरावलं.
करंगळी गेली.

१६ जाने.
चारही बोटं गेली. खाऊ घालायचं संपलं. अंगठ्यापुरता तुकडा उरलाय, तो घरी आणला. सरांना सांगूनच.

२ फेब्रु.
स्लाइडी बघून डोळे गेले. हाडांतल्या मज्जेच्या पेशी. पेशीत सुटा ठिपका दिसला की गुणसूत्र तुटलं समजायचं. आमचे उंदीर आणि शेंगदाण्याचे, सारखेच. इतकं बरं वाटलं! आणि मग आमच्यातल्याच एका उंदराच्या स्लाइडवर ठिपकेच ठिपके.
सर : "एकावरून काही म्हणता येत नाही. रंग चढवताना गडबड झाली असेल. नसेलही. पुन्हा करायला हवं." मग स्लाइड पेटीत ठेवत, "या वेळी थोडंच लागेल."
किती उरलंय ते त्यांना माहीत आहे.

४ फेब्रु.
दादा कचेरीच्या कामाला आला होता. जाताना म्हणाला, "तुझी वहिनी विचारत्ये, उंदीर काय म्हणाले?" अजून ठरत नाही त्यांचं, म्हटलं. तो हसला. मला रडू येत होतं.
ठेवला तर आईचा अंगठा राहील, आणि तिच्या मुठेलावरचा संशयही. दिला आणि पुन्हा ठिपके निघाले तर? मग काय राहील माझ्याकडं?

५ फेब्रु.
अंघोळ झाल्यावर डबा काढला. खळग्यात माझा अंगठा ठेवून पाहिला. बसत नाही, माझाच मोठा आहे. आई, तुझा हात एवढासा होता?
कॉलेजची वेळ झाली. डबा पिशवीत घातला, काढला, परत घातला. सर आज विचारतील. त्यांनी विचारण्याआधीच सुरी मागून घ्यायची.