उभी जीप

अप्पा, मी एक जुनी जीप बघून आले आहे. घ्यावी की नाही, हे ठरत नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. मी सहावीत असताना तुम्ही गेलात, आता मी नोकरी करते, घराचं वीजबिल भरते, आईला दवाखान्यात नेते. तरी काही घ्यायचं म्हटलं की ती वस्तू आधी मनातल्या मनात तुमच्यासमोर उभी करते. मिक्सर घेताना केली, आईचा चष्मा घेताना केली. जीप मात्र मोठी पडते आहे, मनात मावत नाही.

ती फुलंब्रीत आहे, मोठ्या रस्त्यापासून थोडं आत, एका कडुनिंबाखाली. मालक म्हातारे आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. वर्षानुवर्षं ते या जीपमधून लोकांना आठवडी बाजाराला न्यायचे, कोंबड्या, पोती, नवरदेव, सगळं. मग रस्ते झाले, घरोघरी मोटारसायकली आल्या आणि जीप झाडाखाली राहिली. आता तिथल्या शेताचेही प्लॉट पडलेत, पांढरे दगड रोवलेत, आणि कडुनिंब कुणाच्या तरी प्लॉटमध्ये गेला आहे. रविवारपर्यंत जीप हलवायची आहे. पायाखालचा पत्रा इतका गंजलाय की सीटवर बसलं की खालची माती दिसते. दाराच्या कडा बोटाने तुटतात. इंजिन मात्र चालू झालं. आधी खूप खोकलं, पण झालं.

मला ती कामासाठी हवी आहे. तुम्ही टंचाईच्या वर्षांत टँकर बघायचात, कुठल्या गावात आले, कुठल्या गावात नुसते कागदावर आले. मी विहिरी बघते. पाचोडच्या पलीकडच्या गावांतल्या विहिरींत दोरी सोडून पाणी किती खाली गेलं ते मोजते. बस पाचोडपर्यंत जाते, पुढे कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसायचं. विहिरी गावात थोड्याच असतात, त्या शेतात, नाल्यापलीकडे, चिल्लारीच्या काटेरी झुडपांतून. गेल्या उन्हाळ्यात काही विहिरींपर्यंत मला पोहोचता आलं नाही. ऑफिसात सगळे म्हणाले, शेजारच्या विहिरीवरून अंदाजाने आकडा टाक. मी रकाना रिकामा ठेवला. साहेब चिडले. तुम्ही चिडला नसता, एवढं मला माहीत आहे. पण रिकामा रकाना म्हणजे काही काम नव्हे, हेही तुम्ही म्हणाला असता.

मी जीप कशी बघितली असेल, हे तुम्हाला सांगायला नको. आपल्या घरची रीतच ती. आजोबा पत्रिका जुळवायला बसले की गुण किती जुळतात हे शेवटी सांगायचे, दोष आधी, दोन्हीकडच्या माणसांसमोर, मोठ्याने. तुम्ही पत्रिका सोडल्या आणि तीच रीत बाजारात नेलीत. टेबलफॅन घ्यायला गेलो होतो तो दिवस मला आठवतो. तुम्ही दुकानदारासमोर पंख्याचा एकेक दोष सांगता आहात, जाळी सैल आहे, पातं एका बाजूला झुकतं, वायर आखूड आहे. दुकानदार हात जोडतो, "साहेब, नसंल घ्यायचा तर नका घेऊ, शिव्या कशाला घालता?" आणि तुम्ही त्याने सांगितला तेवढा भाव काढून देता. तो बघतच राहतो. दोष बोलायचे ते भाव पाडायला नाही, बाहेर आल्यावर तुम्ही मला सांगितलंत, नंतर त्या वस्तूला बोल लावायचा नाही म्हणून. बोलून घेतलं की ती आपली. तो पंखा आई अजून वापरते. पातं अजून झुकतं, पण त्याला कुणी काही म्हणत नाही.

मला या रीतीचा पहिला अर्धा भागच नीट आला, अप्पा. दोष मला झोपेतही दिसतात. 'ती आपली' इथपर्यंत मी पोहोचतच नाही.

तर मी चाचांसमोर उभी राहून बोलत गेले. चासी, म्हणजे खालचा सांगाडा, डाव्या बाजूला गंजाने खाल्ली आहे. तिसरा गिअर अडखळतो. ब्रेक दोनदा दाबल्यावर लागतो. टपाची ताडपत्री गेली. मागचा एक टायर दुसऱ्याच गाडीचा आहे. चाचा खाटेवर बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बस कर बेटा. इत्ते ऐबां तो मेरी सास ने बी नै निकाले मेरे में."

मी ओशाळले. म्हटलं, "चाचा, भाव कमी करायचा नाहीये मला."

"फिर कायकू बोलरी?"

मी पुन्हा टायरकडे वळले. तिथे आणखी एक गिऱ्हाईक होतं. नव्या हायवेवर हॉटेल टाकलेला एक तरुण, गॉगल डोक्यावर चढवलेला. माझी दोषांची यादी त्याने अगदी आनंदाने ऐकली. म्हणाला, "मॅडम, तुमी लई टेन्शन घेता. मला कुठं चालवायचीय? इंजिन काढून टाकतो, गुलाबी रंग मारतो, आत कुंड्या ठेवतो. लोकं फोटो काढतील, जेवून जातील." त्याने बॉनेटवरच्या धुळीत बोटाने आपला मोबाईल नंबर लिहिला, आणि चाचांना सांगितलं, ठरलं की फोन करा. चाचा दोघांकडे बघून म्हणाले, रविवारी सकाळी जो आधी येईल त्याची गाडी. मला वाटतं त्यांना माझी गंमत वाटली असावी, नाहीतर त्याला तेव्हाच देऊन टाकली असती.

धुळीतला तो नंबर बघून मला काय आठवलं असेल, ते तुम्हाला कळेल. फुलंब्रीच्याच सरकारी क्वार्टरसमोर तुमची जीप उभी असायची. पाण्याची एवढी टंचाई होती की गाडी धुवायची सोयच नव्हती, आणि संध्याकाळी तुम्ही गावांवरून आलात की बॉनेटवर धुळीचा जाड थर असायचा. तुम्ही मला उचलून पुढच्या बंपरवर उभं करायचात आणि माझं बोट धरून त्या धुळीत अक्षर काढायचात. शाळेत नाव घालायच्या आधी मी तिथेच वाचायला शिकले. रोज गाडी जायची, रोज नवी धूळ घेऊन यायची, रोज पाटी कोरी. अक्षरं संपली की मला आत बसायची मुभा होती, डाव्या बाजूच्या तुमच्या सीटवर. मी आरशात बघायची, गिअरच्या दांड्याचा गार गोळा धरायची. पण जीप उभी असेल तेव्हाच.

शाळा सुरू झाल्यावर एका दुपारी ड्रायव्हरमामांनी मला क्वार्टरसमोर रस्त्यात बघितलं आणि म्हणाले, "चल बाई, बस, सोडतो." मी बसले. तुम्ही आतून फायली घेऊन आलात आणि म्हणालात, "उतर." मोठ्याने नाही. मामा म्हणाले, "सायेब, लेकरू हाय, उन्हाचं चाललंय. आपला रस्ता तर तोच हाय ना."

"रस्ता तोच आहे. डिझेल आपलं नाही," तुम्ही म्हणालात. "उभी असते तोवर ती तिची शाळा. सुरू झाली की सरकारची."

मी उतरले आणि जीप माझ्या पुढून गेली. मामांनी वळणावर हात केला, तुम्ही केला नाहीत. मला तुमचा राग आला नव्हता. चपलेत धूळ जात होती आणि तुमचं वाक्य किती बरोबर आहे, याचाच मी विचार करत होते. अजूनही ते बरोबरच वाटतं. त्यामुळे तर अडतं. फुलंब्रीतल्या त्या कडुनिंबाखाली मला जीप हवीशी वाटली, ती विहिरींसाठी की त्या दुपारसाठी? कामाचं नाव पुढे करून मी दुसरंच काही घेत असेन, तर तो मोठा दोष, आणि तो गाडीचा नाही. तो मी चाचांसमोर बोलले नव्हते.

इथवर बुधवारी लिहिलं होतं आणि ठेवून दिलं होतं. आज रविवार आहे, पुढचं लिहिते.

शनिवारी आमच्याकडे नळाला पाणी यायचा दिवस होता. इथे शहरात, गारखेड्यात चहूकडे उंच इमारती झाल्या, पण पाणी अजून दिवसाआड, तेही मध्येच एखादा दिवस गाळून येतं. आई स्वयंपाकघरात भांड्यांच्या रांगा लावत होती, मी पिंप भरत होते. मी तिला जीपचं सांगितलं. सगळे दोष सांगितले, शेवटचा सुद्धा, की मला नक्की कशासाठी हवी तेच कळत नाही. आईने कळशी विसळता विसळता ऐकलं आणि म्हणाली, "अगदी त्यांच्यावर गेलीस. दोष तेवढे पाठ."

"मग नको घेऊ?"

"मी असं कुठं म्हटलं? जीपमध्ये बसायला बरं वाटतं. धक्के बसतात, पण बरं वाटतं."

मी म्हटलं, "तू कधी बसलीस?"

आईने कळशी खाली ठेवली. मग म्हणाली, "तुझ्या वेळी." नळाचा आवाज होता, मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. ती सांगत गेली. रविवार होता, ड्रायव्हर गावी गेलेला. दुपारी तिला कळा सुरू झाल्या आणि दुसरी कुठली गाडी मिळेना. तुम्ही अंगणात एकदाच जीपकडे बघितलंत आणि चावी आणलीत. "काही बोलले नाहीत. एक अक्षर नाही. आणि गाडी तरी कुठं यायची त्यांना? ड्रायव्हरचं बघून बघून जेवढं कळलं तेवढंच. दुसरा गिअर पडला, तो पुढे बदलायचं धाडसच नाही झालं. फुलंब्री ते दवाखाना, सगळं दुसऱ्या गिअरात. गाडी नुसती रडत होती. मी ओरडत होते, गाडी ओरडत होती, हे गप्प." आईला हसू आलं. "नंतर कितीतरी दिवस जीपला हात लावला नाही. गावागावाला एसटीने, सायकलवर, नाहीतर पायी. लोकांना वाटलं गाडी बंद पडली. मला म्हणाले, पोरीला सांगू नको."

"मग आज का सांगितलंस?"

"आता रागवायला कोण येतंय," आई म्हणाली, आणि पिंप भरून वाहतंय म्हणून माझ्यावर खेकसली.

मी पाणी बंद केलं आणि तिथेच पाटावर बसले. तुमचं ते 'उतर' मी इतकी वर्षं जपून वापरलं, अप्पा. तिकिटाच्या खिडकीत, ऑफिसात, दुकानात, लग्नाच्या एका स्थळालासुद्धा मी मनात तेच म्हणून बसले. ज्या गाडीतून मला उतरवलंत तिच्यातूनच मला आणलं होतंत, आणि त्या दिवशी दोष बोलायला तुम्हाला वेळ नव्हता. तुम्ही आधी गाडी काढलीत आणि किंमत मागाहून मोजलीत, पायांनी. असंही करता येतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

आज सकाळी आईला घेऊन पहिल्या बसने फुलंब्रीला गेले. हॉटेलवाला आमच्यानंतर आला. चाचांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. मी चाचांना राहिलेला दोष सांगितला. म्हटलं, गाडी कामाला लागणारच आहे, पण नुसती कामासाठी घेत नाही. चाचा म्हणाले, "तो क्या हुआ. मैं बी कोन सा कामकू चलाता था." पासिंगचे कागद मी दोनदा वाचले, ती सवय राहू द्या. त्यांचा मुलगा गाडी घरापर्यंत आणून देतो म्हणाला. मी नको म्हटलं. माझ्याकडे लायसन आहे, हात मात्र क्लासच्या छोट्या गाडीवर बसलेला. आई डाव्या बाजूला चढली, पदर खोचला, आणि पायाखालच्या भोकातून माती दिसते म्हणून पाय वर घेऊन बसली.

रस्ता आता ओळखू येत नाही. दोन्हीकडची मोठी झाडं गेली, हर्सूलच्या आधीपासूनच शहर लागतं. तिथल्या तलावाचा तळ भेगाळलेला होता, कडेला टँकर उभे होते. मागून सगळ्यांनी हॉर्न वाजवले, एक रिक्षावाला शेजारून जाताना ओरडला, "ताई, ढकलत नेली असती तर लवकर पोचली असती." आई त्याला काहीतरी उलट बोलली, गाडीच्या आवाजात मला कळलं नाही. गारखेड्यात पोहोचलो तेव्हा इंजिन इतकं तापलं होतं की बॉनेटवर हात ठेवता येत नव्हता. हॉटेलवाल्याचा नंबर अजून तिथे होता. तो मी पुसला.

उद्या वेल्डिंगला टाकायची आहे, मग ती पाचोडला जाईल. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून एवढं लिहून ठेवते. मी सगळी वाट दुसऱ्या गिअरमध्येच आणली. आईला वाटलं, मला येत नाही. तिसरा पडत होता, अप्पा. मीच टाकला नाही.