काळपट हिरवी शाई

सावेडी, अहिल्यानगर
२८ ऑक्टोबर २०२५

चि. भार्गवीस,
नृसिंहकाकाचे अ. उ. आशीर्वाद.

फोन करत नाही, कारण फोनवर तू नुसतं हं हं करतेस आणि तिकडे वह्या तपासतेस. काम गंभीर आहे. आपली काळपट हिरवी शाई कंपनीने बंद केली. हे सांगून दुकानदाराने वर मला जेल पेन दाखवलं. नववीत मी शिकवलेला मुलगा, पण लाज नाही.

तुला ठाऊकच आहे, घरातल्या प्रत्येक मुलीच्या रुखवतात तुझी काकू स्वतःच्या हाताने लिहिलेली स्वयंपाकाची वही ठेवते. तुझ्याही ठेवली होती. आता आमच्या नातीची, मनवाची वही चालू आहे. लग्न सत्तावीस नोव्हेंबरला. साठ पानांपैकी अडतीस झाली आणि काकूचा हात कापायला लागला. आता ती सांगते, मी लिहितो. पण शाई बदलली तर पान उघडताच दिसेल, की इथे शोभाचा हात थांबला. तिला ते नको आहे.

काळीत हिरवी मिसळून पाहिली. काकू म्हणाली, पालक जास्त शिजला. निळी घातली, तर म्हणे हौदातलं शेवाळ. तू विज्ञान शिकवतेस, काहीतरी कर.

लोभ ठेव आणि शाईही पाठव.
तुझा काका


राजूर
२ नोव्हेंबर २०२५

ती. काकांस,
भार्गवीचा सा. न. वि. वि.

शाई जुळेल, पण अक्षराचं काय? काकूचा प्रत्येक 'ळ' लाडवासारखा गोल, तुमचा शाळेच्या दाखल्यावरचा. मनवा वकील आहे, तिला फसवणं सोपं नाही. तरी प्रयत्न केला.

सोबत बाटली पाठवते आहे. सुकलेला हिरडा उकळून त्यात गंजके खिळे टाकले. ही युक्ती बाजारात हिरडा विकणाऱ्या रंगुबाईंची. किलोभर हिरडा घेतला तेव्हा त्यांनी आधी चौकशी केली, की पोट नेमकं कुणाचं धरलंय. शाईला पाहिजे म्हटल्यावर हसल्या. लोखंडी कढईत हिरडा भिजला की लई काळं व्हतं, सुनेची नवी कढई तशीच वाया गेली, म्हणाल्या. काल शाळा सुटताना एका कागदावर चार ओळी लिहून ठेवल्या, आज सकाळी पाहते तर हुबेहूब आपला रंग!

एकच विनंती. पेनात भरू नका, गाळ असतो. टाक बुडवून लिहा.

काकूला नमस्कार. लोभ आहेच, ओरडाही थोडा कमी असू द्यावा.
तुमची भार्गवी


सावेडी
६ नोव्हेंबर २०२५

चि. भार्गवीस,
आशीर्वाद, पण नाइलाजाने.

पेनात भरली. तू नको म्हणालीस हे मान्य. पेन तुंबलं, तेही मान्य. पण ही शाई आहे की पाहुण्यांना कंटाळलेल्या घरातला चहा? टाकाने लिंबाच्या लोणच्याचं पान लिहिलं आणि चष्मा पुसून पाहिलं, तर मीठसुद्धा दिसेना. काकूला हसून हसून उचकी लागली. हे पत्रही त्याच पाण्याने लिहितो आहे. वाचता आलं नाही तर तो तुझा दोष.

आता निर्णय झाला आहे. उद्या ती अडतीस पानं फाडतो आणि पहिल्यापासून सगळी वही निळ्या शाईत, माझ्या अक्षरात लिहून काढतो. निदान एकसारखी दिसेल. हे सांगितलं तेव्हा तुझ्या काकूची उचकी थांबली. उठून शेंगा सोलत बसली. मी आत्ताच हे टपालात टाकायला निघतो आहे.

लोभ आहे. शाईवर नाही.
काका


सावेडी
८ नोव्हेंबर २०२५

चि. भार्गवीस,
शोभाकाकूचे अनेक आशीर्वाद.

पानं फाडली नाहीत. काळजी करू नकोस.

परवा हे तावातावाने पत्र टाकायला गेले, तेव्हा मी सहज टाक घेऊन बसले. एरवी दोन अक्षरं लिहिली की त्यांची थरथर दिसते, मग मी घाबरते आणि हात आणखीच कापतो. या शाईत काही दिसेचना. म्हणून बिनधास्त लिहीत गेले. मेतकूट झालं, सांडगी मिरची झाली, कारळ्याची चटणी झाली. हे परत आले तर बाटलीला झाकण लावून मी शेंगा सोलत होते.

काल सकाळी हे पानं फाडायला वही घेऊन बसले आणि चष्मा पुसून पुसून पाहू लागले. जाऊन पाहिलं तर तिन्ही पानांवर रात्रीतून शाई चढली होती, अगदी आपला काळपट हिरवा. अक्षरं मात्र सगळी थंडीत उभी असल्यासारखी. ह्यांचं लोणचंही ठळक उमटलं होतं, त्यात मीठ दोनदा पडलंय. म्हणजे तुला आलेलं ते रागाचं पत्रसुद्धा स्पष्ट वाचता आलं असणार. त्याबद्दल माफी मागायची की नाही, यावर हे अजून विचार करत आहेत.

आता उरलेली पानं मीच लिहिणार. यांनी फार कुरकुर केली म्हणून पानांवर आकडे घालायचं काम दिलं आहे. मनवाला कळेल, कुठून माझा हात कापायला लागला. कळू दे.

रुखवत मांडायला दोन दिवस आधी ये. हे पत्र मी लिहिते आहे खरी, पण मला आत्ता यातलं काहीच दिसत नाही. काय लिहिलं ते माझ्याआधी तूच वाचशील.

अशीच माया असू दे.
तुझी काकू