चित्राखालची काकू

ओकलंड,
१२ जून १९९४

ती. युक-लान आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि सुकवलेल्या मुळ्याचं पाकीट, दोन्ही पोचलं. पाकिटाचा दरवळ पोस्टमनलाही पोचला असावा, कारण त्यानं ते दोन बोटांच्या चिमटीत धरून माझ्या हवाली केलं. रात्री मुळा घालून ऑम्लेट केलं. हुई-मिन एरवी ताटात चिवडत बसते, ती पोर ताट चाटून उठली. तेव्हा आणखी पाठव, असं तुझ्या नातीच्या वतीनं मी मागते आहे.

आत्या, पुस्तकाचं नक्की झालं! इथल्या चिनी वस्तीतल्या वाचनालयात मुलांसाठी आपल्यावरची पुस्तकं आहेत, पण सगळी ड्रॅगन, पांडा आणि कंदिलांची. जणू आपण रोज ड्रॅगनवर बसूनच मंडईत जातो. मला आपल्या घरातली माणसं हवी होती. इंग्रजीत आत्या, मावशी, काकू, मामी सगळ्या एकाच शब्दात कोंबलेल्या. परवा मी हुई-मिनला म्हटलं की आत्याआजीचं पत्र आलंय, तर तिनं विचारलं, कुठली आंटी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणून या पुस्तकात पानोपानी एकेक माणूस आहे आणि त्याला काय म्हणून हाक मारायची ते खाली मोठ्या अक्षरात. चित्रांच्या प्रती सोबत पाठवते आहे. तू बांबूच्या पानात भात बांधत बसली आहेस आणि तुझं तोंड उघडं आहे. मिटलेलं काढलं असतं तर तुला कोणी ओळखलं नसतं.

आता खरं काम. प्रकाशनातल्या चानबाई आहेत, इथेच जन्मलेल्या, चांगल्या आहेत. त्यांचा फोन आला. फार सांभाळून त्यांनी विचारलं की आईच्या चित्राखाली चुकून काकू लिहिलं गेलंय का. मी खो खो हसले. फोन ठेवला आणि हसू कुठल्या कुठे गेलं. मुद्दाम नव्हतं गं लिहिलं. आईचं चित्र काढलं, आणि हात आपला सवयीनं लिहून मोकळा झाला. जन्मभर मी तिला काकूच म्हणत आले. आपल्याकडे पत्रिका जुळली नाही की आईला आई म्हणायचं नाही, आणि आपल्या गल्लीत अशा मायलेकी आणखीही होत्या, कोणी आईला ताई म्हणे, कोणी वहिनी. कोणाला त्याचं काही वाटलं नाही. पण मुलांच्या पुस्तकात आईच्या चित्राखाली आई असं हवं, आणि तिला न विचारता मला ते लिहवत नाही.

तू विचारशील का? मी विचारलं तर ती यंदा पपनसं कशी आली आहेत तेच सांगत बसेल. सप्टेंबरात पानं छापायला जातील. त्याआधी तिचं हो किंवा नाही मला हवं आहे. एकदाच, कागदावर का होईना, तिला आई म्हणावं असं फार वाटतंय.

तुझा गुडघा कसा आहे? माझ्यावरचं प्रेम गुडघ्यासारखं कुरकुरू देऊ नकोस.
तुझी भाची,
पुई-क्वान


इपोह,
२ जुलै १९९४

चि. पुई-क्वान हिस,
अनेक आशीर्वाद.

चित्रं मिळाली. मी एवढी जाड आहे हे आजवर मला कोणी बोललं नव्हतं. तू समुद्रापलीकडे आहेस म्हणून वाचलीस. पण शेजारच्या चार घरांत मी ते चित्र दाखवून आले, आणि सगळ्यांनी एका सुरात सांगितलं की हुबेहूब आहे. माणसं उगाच खरं बोलतात.

मुळा पाठवते. गुडघा आहे तसाच आहे, त्याची चौकशी करून तू मला लोणी लावू नकोस.

तुझी काकू (बघ, माझ्याही हातून तेच आलं) मागच्या पायरीवर मुगाला आलेले मोड निवडत होती, तेव्हा मी तिला तिचं चित्र दिलं. तिनं ते आधी हातभर लांब धरलं, मग डोळ्यांशी आणलं आणि म्हणाली की पोरीनं नाक बसकं काढलंय. मी म्हटलं, आहेच तसं. इथवर सगळं गोडीत होतं. मग मी तुझा प्रश्न विचारला.

पोरी, मी तिला ती लग्न होऊन आमच्या घरात आली तेव्हापासून ओळखते. तुझे बाबा गेले त्या दिवशीसुद्धा तिचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. ती म्हणाली की तोंडानं बोललेलं वाऱ्यावर जातं, पण छापलेलं राहतं, आणि वरच्या देवांना वाचता येतं. पुन्हा हा विषय काढलास तर माझा उंबरा चढू नकोस, असंही म्हणाली. मोडाची परात तिथेच टाकून आत गेली आणि धाडकन दार लावून घेतलं. चित्र मात्र बरोबर घेऊन गेली, ते अजून परत दिलेलं नाही.

तेव्हा नाद सोड. तुझ्यावर तिचा राग नाही, एवढं मी शपथेवर सांगते. याहून जास्त मला सांगता येत नाही. तिनं मला जुनी शपथ घातलेली आहे, आणि मी गप्प बसणं म्हणजे काय ते तुला ठाऊकच आहे, पोट फुगून यायची वेळ आली आहे.

आणि नववर्षाला येणार आहेस, की दरवर्षीसारखं ऐन वेळी काम निघणार? आम्ही काही अमर नाही, बाई.

हुई-मिनला पापा. आत्याच्या तोंडावर जाऊ नये, मायेवर जावं, हे तिलाही शिकव.
तुझी,
युक-लान आत्या


ओकलंड,
२० जुलै १९९४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सोडला नाद. ते पान मी काढून टाकते आहे. पुस्तकात आजी असेल, आत्या असेल, मामाची बायको असेल, आणि आई नसेल. चानबाई विचारतील तेव्हा सांगेन की आमच्याकडे नसते.

रागावू नकोस, पण मला आज बोलू दे. शाळेत स्नेहसंमेलनाला ती मला न्यायला आली आणि मी सगळ्यांसमोर काकू म्हणून हाक मारली. बाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं की तुझी आई कधी गेली गं. मी काय सांगणार होते? मी म्हटलं, लहानपणीच गेली. ती तिथेच उभी होती आत्या, आणि तिनंही मान डोलावली!

का, ते मला शेजारच्या फूंगबाईंनी सांगितलं होतं, त्यांच्या दारात मी सागरगोटे खेळत असताना. म्हणाल्या की तुझी पत्रिका जड आहे, तू आईला गिळणारी पोर, म्हणून तिनं तुला लांब ठेवलंय, हाकेपुरतीसुद्धा जवळ येऊ दिलेलं नाही. त्या दिवसापासून मी तिच्या कुशीत शिरायचं सोडलं. तिला साधा खोकला झाला तरी मला वाटायचं की माझ्यामुळेच.

दरवर्षी काम निघतं म्हणतेस ना? कधीच निघालं नाही. मी इथे येऊन राहिले ती शिकायला नाही आणि नोकरीलाही नाही. मी जितकी लांब, तितकी ती जगेल, एवढाच माझा हिशेब होता. बाबा गेले तेव्हा आले, आणि तिसऱ्या दिवशी पळाले, कारण तिला ताप भरला होता. आता कळतंय की माझ्या भीतीहून तिची भीती मोठी आहे. आई हा शब्द माझ्या हातून छापला गेला तर आपण मरू असं तिला वाटत असेल तर नको. मला माझं पुस्तक तिच्या जिवापेक्षा जास्त नाही.

हे तिला वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव. आता लपवून तरी काय करू.

माया असू दे. माझ्याकडून ती पत्रानंच पोचते, त्याला इलाज नाही.
पुई-क्वान


इपोह,
१५ ऑगस्ट १९९४

चि. पुई-क्वान हिस,
आशीर्वाद.

तुझी आत्या पत्र वाचून दाखवत होती, ती मध्येच थांबली. ती बोलायची थांबली म्हणजे काहीतरी अघटित घडलं हे मी ओळखलं. पत्र तिच्या हातातून ओढून घेतलं आणि स्वतः वाचलं. मला वाचता येतं हे तुम्ही दोघी विसरता. लिहायची सवय नाही, म्हणून एवढे दिवस लागले.

त्या फूंगबाईच्या जिभेला काही हाड होतं का? आता ती मेली आहे, म्हणून जास्त बोलत नाही. तुझी पत्रिका कधीच जड नव्हती. माझी होती.

तुझ्याआधी मला दोन मुलं झाली. मुलगा, मग मुलगी. दोघं मला आई म्हणायला शिकली आणि गेली. मुलगा तापानं गेला. मुलगी कशानं गेली ते डॉक्टरलाही सांगता आलं नाही. तू पोटात होतीस तेव्हा सासूबाई मला देवळापाशी बसणाऱ्या आंधळ्या म्हाताऱ्याकडे घेऊन गेल्या. त्यानं माझी जन्मवेळ विचारली, बोटांवर काही मोजलं आणि सांगितलं की या बाईला आई म्हणणारं मूल टिकत नाही. दुसऱ्याचं मूल म्हणून वाढवा, म्हणजे वरच्यांची नजर चुकेल.

तुला बोलायला फुटलं तेव्हा पहिला शब्द आई हाच होता. कोणी शिकवला नव्हता. मी तोंड फिरवलं. तू रडलीस आणि पुन्हा म्हणालीस. मी पुन्हा फिरवलं. काकू म्हणेपर्यंत मी तुला उचलून घेतलं नाही. तुझ्या बाबांना बघवेना, ते अंगणात जाऊन उभे राहिले. शेजारणी म्हणाल्या, काय दगडाची बाई आहे. म्हणू देत. दगडापाशी पोर जगत असेल तर दगड बरा.

तुला सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर तू मनातल्या मनात म्हणाली असतीस, आणि मनातलं वरच्यांना ऐकू जात नाही असं कोण सांगेल? म्हणून तुझ्या आत्यालाही शपथ घातली. शाळेत बाईंपुढे मान डोलावली तीही त्याचसाठी. घरी येऊन किती रडले ते लिहीत नाही.

तू परदेशी गेलीस तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, माझ्यापासून लांब आहे, सुखरूप राहील. तू माझ्यासाठी लांब राहिली आहेस हे मला काय ठाऊक. दोघींनी मिळून केवढा वेडेपणा केला गं!

तुला वाटतं त्या हाकेनं मी तुला परकं केलं. शाळा सुटली की तू दारातूनच काकू म्हणून ओरडायचीस. ती हाक आली की मी मनाशी म्हणायची, आहे, पोर आहे. आजही आहे. मगच मी चूल पेटवायची.

आता तू चाळिशीला टेकलीस. तुझी आत्या म्हणते की आता कसली भीती. तिला मूल नाही, तिला काय कळणार, असं मी तिला बोलून गेले. ती उठली आणि माझ्यासाठी चहा करून घेऊन आली. ते मला फार लागलं.

पुस्तकात काय लिहायचं ते तू ठरव. मी आता नाही म्हणणार नाही. पण मला भीती वाटते, ती गेलेली नाही. एवढंच.

पोटभर जेवत जा. आशीर्वाद मागावे लागत नाहीत, ते असतातच.
साव-हेंग


ओकलंड,
१ सप्टेंबर १९९४

ती. काकूस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी कामावर गेले नाही. स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडले. हुई-मिन येऊन माझ्या मांडीवर बसली आणि तिनं विचारलं की काय झालं. मला बरं वाटतंय म्हणून रडते आहे, असं सांगितलं. तिला पटलं नाही, पण ती उठलीही नाही.

माझा त्या आंधळ्या म्हाताऱ्यावर काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगते. तू जन्मभर जे दात आवळून सांभाळलंस ते मी एका पानासाठी मोडणार नाही, हेही सांगते. चानबाईंना कळवलं की ती चूक नव्हती, आहे तसंच छापा. का, तेही सांगितलं. त्या म्हणाल्या की त्यांचे वडील स्वतःच्या आईला शेवटपर्यंत वहिनी म्हणत, आणि का ते विचारायचं कधी कोणाला सुचलं नाही. आता त्या घरी जाऊन विचारणार आहेत.

तुझ्या पानावर एवढंच आहे: ही माझी काकू. मी हाक मारली की ही म्हणते, आहे. पुढच्या पानावर दुसऱ्याच घरातली एक आई काढली आहे, चांगली सरळ नाकाची. ज्या पोरांना आई म्हणायची मुभा आहे त्यांनी ते पान वाचावं.

आत्याला सांग, काम निघालेलं नाही, तिकिटं निघाली आहेत. नववर्षाला आम्ही दोघी येतो आणि चांगला महिनाभर राहतो. तुला ताप आला तर मी पळणार नाही, उशाशी बसेन. गल्लीच्या तोंडापासून काकू म्हणून हाका मारत येईन, वरच्यांच्या कानठळ्या बसतील अशा. आणि त्यांनी हटकलंच, की ही कोण, या बाईला एवढी बिलगते ती, तर मी सरळ सांगेन की मी यांच्या थोरल्या दिरांची मुलगी, सुट्टीला आले आहे.

तू भिऊ नकोस. माझ्यावर जीव आहेच तुझा, तो असाच चोरून असू दे.

तुझी पुतणी,
पुई-क्वान